आवाजाचे मोल, किरणांचा खर्च

घशाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. रुग्ण बरा होईल ना, हा पहिला. आणि खर्च किती येईल, हा दुसरा. पहिला मोठ्याने विचारला जातो, दुसरा दबक्या आवाजात. खर्चाचा विषय काढणे म्हणजे माणसापेक्षा पैशाला मोठे मानणे, अशी समजूत त्यामागे असते. मग थोरला मुलगा किंवा भाऊ डॉक्टरांना सांगून टाकतो, "पैशाची काळजी करू नका, सगळ्यात चांगले मशीन लावा." त्याच्या मनातील 'चांगले' याचा अर्थ बहुधा 'महाग' एवढाच असतो. लक्ष्मीपुरीत धान्य किंवा मार्केट यार्डात गूळ घेताना मात्र हाच माणूस नमुना हातात घेतल्याशिवाय भाव बोलत नाही.

हा दुसरा प्रश्न उघडपणे विचारणे रुग्णाच्याही हिताचे आहे. प्राथमिक अवस्थेतील स्वररज्जूच्या कर्करोगात खर्चाची पट आणि गुणाची पट यांचा मेळ बसत नाही. यंत्र महाग म्हणून गुण अधिक, हे समीकरण येथे लागू पडत नाही. गुण येतो तो वेळेवर झालेल्या निदानाने आणि ठरलेल्या दिवसांत उपचार पुरा केल्याने.

घसा म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेत 'घशाचा कॅन्सर' हा एकच शब्द अनेक आजारांसाठी वापरला जातो. टॉन्सिल, जिभेचे मूळ, अन्ननलिकेच्या तोंडाजवळचा भाग आणि स्वरयंत्र ही सर्व वेगवेगळी ठिकाणे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून निदानाच्या कागदावर कोणते ठिकाण आणि कोणती अवस्था लिहिली आहे, हे प्रथम पाहावे. एका रुग्णाच्या बिलाची दुसऱ्याच्या बिलाशी तुलना करताना होणारी निम्मी फसगत येथेच टळते.

स्वरयंत्रातील दोन स्वररज्जूंपैकी एकावर किंवा दोहोंवर मर्यादित असलेला आणि रज्जूंची हालचाल शाबूत ठेवणारा कर्करोग ही पहिली अवस्था, म्हणजे टी-१. तो रज्जूंच्या वर किंवा खाली सरकला, अथवा हालचाल मंदावली, की टी-२. या आजाराची दोन वैशिष्ट्ये रुग्णाच्या बाजूची आहेत. गाठ अगदी लहान असतानाच आवाज घोगरा होतो, म्हणजे शरीर लवकर सूचना देते. शिवाय स्वररज्जूंमध्ये लसिकावाहिन्या फार विरळ असल्याने मानेतील गाठींपर्यंत आजार पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे किरण मानेवरील पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकोनापुरतेच द्यावे लागतात. टी-१ अवस्थेत केवळ किरणोपचाराने शंभरातील पंच्याऐंशी ते पंच्याण्णव रुग्णांत आजार ताब्यात येतो आणि स्वरयंत्र जागेवर राहते. कर्करोगाच्या क्षेत्रात असे आकडे फार थोड्या ठिकाणी दिसतात.

ही अनुकूलता वाया जाते ती दुर्लक्षाने. दुकानात दिवसभर बोलावे लागते, मिरचीची आणि धान्याची धूळ असते. आवाज बसला तर कारण शोधावे लागत नाही. ज्येष्ठमध, हळद-दूध, वाफारा यांत दोन महिने जातात, मग दिवाळीचा हंगाम येतो, मग लग्नसराई. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे, हा नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. बिडी-सिगारेट हे या आजाराचे मुख्य कारण आणि मद्य त्यात भर घालते. निपाणीसारखी तंबाखूची पेठ शेजारी असलेल्या या भागात व्यसन केवळ परक्यांच्या घरात असते असे मानण्याचे कारण नाही. कधीही व्यसन न केलेल्या माणसालाही हा आजार क्वचित होतो. म्हणून निर्व्यसनी घरानेही घोगरा आवाज कानाआड करू नये.

एकच गाठ, चार दर

कोल्हापूरच्या रुग्णाला किरणोपचारासाठी मुंबई गाठावीच लागते असे आता राहिलेले नाही. गोकुळ शिरगाव येथील कोल्हापूर कॅन्सर सेंटर आणि मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय ही ठिकाणे घरापासून जाऊन-येऊन करता येण्याजोगी आहेत. मात्र 'लाइट देणे' या एका शब्दात अनेक पद्धती सामावलेल्या असतात आणि प्रत्येकीचा दर वेगळा असतो.

सर्वांत जुनी पद्धत कोबाल्टची. किरणोत्सारी कोबाल्टमधून निघणारे किरण मानेच्या दोन्ही बाजूंनी दिले जातात. दुसरी लिनॅकची, हे यंत्र विजेवर किरण निर्माण करते आणि त्याच्या किरणांची कड अधिक रेखीव असते. तिसरीत सीटी स्कॅन काढून संगणकावर त्रिमितीय आखणी करतात. चौथी आयएमआरटी; तीत अनेक कोनांतून कमी-अधिक तीव्रतेचे किरण सोडून डोस हवा तसा घडवता येतो. त्यापलीकडे प्रोटॉन उपचार आहे. तो चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात २०२३ पासून उपलब्ध झाला.

या पद्धतींच्या दरांतील अंतर सरकारी योजनांच्या दरपत्रकांत स्वच्छ दिसते. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे महाराष्ट्राला नमुना ठरलेल्या आरोग्यश्री योजनेने पूर्ण उपचारासाठी कोबाल्टला २०,००० रुपये, लिनॅकवरील साध्या उपचाराला ५०,०००, त्रिमितीय आखणीला ७५,००० आणि आयएमआरटीला १,००,००० रुपये दर लावला होता. आज खासगी रुग्णालयातील रकमा याहून वेगळ्या असतील. परंतु लक्षात घ्यायचे ते प्रमाण. पहिल्या आणि चौथ्या पद्धतीत पाच पटींचे अंतर आहे. गाठ तीच, एकूण डोसही जवळपास तोच.

हे अंतर लबाडीचे नाही. आयएमआरटीची आखणी करण्यास आणि ती पडताळून पाहण्यास भौतिकशास्त्रज्ञांना कित्येक तास लागतात आणि यंत्रही मोलाचे असते. शिवाय योग्य ठिकाणी या पद्धतीने मोठे काम केले आहे. ब्रिटनमध्ये घशाच्या वरच्या भागातील कर्करोगावर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्सपोर्ट चाचणीत जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षानंतरही तोंड कोरडे पडण्याचा लक्षणीय त्रास होता. आयएमआरटी घेतलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. लाळेच्या ग्रंथी वाचल्या, म्हणून हा फरक पडला. टॉन्सिलच्या रुग्णाने यासाठी अधिक पैसे मोजणे सर्वथा योग्य आहे.

पण स्वररज्जूच्या प्राथमिक कर्करोगात तो पाच-सहा सेंटिमीटरचा चौकोन लाळेच्या या मोठ्या ग्रंथींपर्यंत पोहोचतच नाही. जे धोक्यात नाही ते वाचवण्यासाठी पैसे कशाला मोजायचे? येथे आयएमआरटीच्या बाजूने सांगण्याजोगा मुद्दा एकच उरतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना कमी किरण मिळतात आणि काही वर्षांनी त्या अरुंद होण्याचा धोका घटू शकतो. पंचेचाळिशीतील रुग्ण, किंवा ज्याला पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे असा रुग्ण, यांच्या बाबतीत या मुद्द्याला वजन आहे. पंच्याहत्तरीच्या रुग्णाच्या बाबतीत ते कमी होते. दुसऱ्या पारड्यात हेही टाकावे लागते की गिळताना स्वरयंत्र वर-खाली सरकते, आणि डोस फार काटेकोर बसवला तर गाठीचा काही भाग चुकण्याची शक्यता राहते. म्हणून साधी पद्धत अद्याप बाद झालेली नाही.

कोबाल्टकडेही केवळ जुने म्हणून पाहू नये. स्वररज्जूंचे पुढचे टोक मानेच्या त्वचेपासून जवळ असते आणि कोबाल्टच्या किरणांचा जोर कातडीखाली थोड्याच अंतरावर पूर्ण होतो. त्यामुळे या जागेसाठी ते दशकानुदशके उपयोगी ठरले. त्याच्या उणिवाही खऱ्या आहेत. किरणांची कड तितकी रेखीव नसते आणि स्रोताची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होत असल्याने उपचाराचा वेळ वाढत जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र तयार केले ते याच विचाराने की लहान गावांतील रुग्णालयांना परवडणारे साधन हाती यावे. प्रोटॉनचा खर्च इतर पद्धतींच्या कित्येक पट आहे; प्राथमिक स्वररज्जू-कर्करोगात त्याने अधिक रुग्ण बरे होतात असे सिद्ध झालेले नाही.

निवड करताना लेझर शस्त्रक्रियेचाही विचार व्हावा. निवडक टी-१ रुग्णांत तोंडावाटे लेझरने गाठ काढली जाते. आजार ताब्यात येण्याचे प्रमाण किरणोपचाराइतकेच असते, काम बहुधा एका बैठकीत होते आणि पुढे गरज पडल्यास किरणोपचार हाती शिल्लक राहतो. मात्र रज्जूचा बराच भाग काढावा लागला तर आवाज अधिक बसका होतो. ज्याची उपजीविका बोलण्यावर आहे त्याने दोन्ही तज्ज्ञांचे मत घेऊनच ठरवावे.

दिवसांचा हिशेब

रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा एक भाग. दुसरा भाग बिलात दिसत नाही. तो बैठकींच्या संख्येवर अवलंबून असतो. पारंपरिक पद्धतीत रोज २ ग्रे याप्रमाणे ३३ बैठकी देतात. आठवड्यातून पाच दिवस धरल्यास सोमवारी सुरू झालेला उपचार ४५ व्या दिवशी संपतो. रोज २.२५ ग्रे दिल्यास २८ बैठकी होतात, म्हणजे ३८ दिवस. ब्रिटनमध्ये २० बैठकींची, म्हणजे २६ दिवसांची पद्धतही रूढ आहे.

बैठकी कमी म्हणजे उपचार कमी, असे मात्र नाही. जपानमध्ये १८० टी-१ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २ ग्रे घेतलेल्यांपैकी ७७ टक्क्यांत पाच वर्षांनी आजार ताब्यात होता, २.२५ ग्रे घेतलेल्यांत हे प्रमाण ९२ टक्के निघाले. दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तर कमी बैठकींत अधिक डोस देण्याची रीत कित्येक दशके चालवली आहे आणि सहाशेहून अधिक टी-१ रुग्णांच्या नोंदींवरील त्यांचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आता हिशेब मांडावा. समजा, रुग्ण आणि सोबतीचा एक माणूस मुंबईत राहिले आणि राहणे, जेवण, टॅक्सी धरून रोजचा खर्च २,००० रुपये आला. ४५ दिवसांचे ९०,००० होतात, ३८ दिवसांचे ७६,००० आणि २६ दिवसांचे ५२,०००. दुकान बंद राहिल्याचे किंवा मुलाचे कामावरचे दिवस बुडाल्याचे नुकसान वेगळेच. घरापासून जाऊन-येऊन उपचार घेतला तर रोजचा आकडा उतरतो, पण प्रमाण तेच राहते. लहान वेळापत्रक प्रत्येक रुग्णाला मानवेलच असे नाही. गाठीचा आकार, डोस द्यावयाची जागा आणि वय पाहून डॉक्टरच ते ठरवतील. परंतु "बैठकी किती, आणि कमी बैठकींची पद्धत येथे लागू पडेल का?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. यंत्राच्या नावापेक्षा या प्रश्नाने अधिक पैसे वाचतात.

खंड पडला तर

किरणोपचार सुरू असताना मध्येच खंड पडला तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्या दिवसांत वाढून घेतात. स्वरयंत्राच्या कर्करोगात उपचार ठरल्यापेक्षा एक दिवस लांबला की यशाची शक्यता सुमारे एक टक्का किंवा थोडी अधिक घटते, असे अनुमान तज्ज्ञ वापरतात. आठवड्याचा खंड म्हणजे किती मोठा तोटा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पाच पट महाग यंत्र निवडून मध्ये आठ दिवस लग्नाला जाणे, हा सर्वांत वाईट व्यवहार होय.

कोल्हापूरकरांनी पावसाळ्याचा विचार आधीच करावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. जुलै-ऑगस्टमध्ये उपचार सुरू होणार असेल तर रुग्णालयाच्या बाजूलाच खोली घेऊन ठेवणे शहाणपणाचे. चुकलेली बैठक भरून काढण्याचे मार्ग असतात. शनिवारी बोलावतात किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन बैठकी देतात. मात्र त्यासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते.

चातुर्मासात आणखी एक प्रश्न येतो. तिसऱ्या आठवड्यानंतर गिळताना घसा दुखतो, वजन उतरते. अशा वेळी पर्युषणाचे किंवा दशलक्षणाचे उपवास करावेत का, असा पेच ज्येष्ठांना पडतो. शक्तीनुसार तप हीच शास्त्राची दृष्टी आहे. महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना प्रकृती स्पष्ट सांगून त्यांचे मार्गदर्शन घ्यावे आणि उपवासाचा संकल्प उपचारानंतरच्या काळासाठी ठेवावा. रात्रिभोजनत्यागाला मात्र अडचण नाही. बैठक काही मिनिटांचीच असते. सकाळची वेळ मागून घेतली तर सूर्यास्तापूर्वीची सर्व भोजने व्यवस्थित होतात.

पैसा कोठून येईल?

पांढऱ्या शिधापत्रिकेची घरे अजूनही समजतात की सरकारी योजना त्यांच्यासाठी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. रुग्णालय योजनेशी संलग्न आहे का आणि सुचवलेली पद्धत तिच्या यादीत बसते का, हे उपचारापूर्वी आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्यावे. खासगी विमा असेल तर किरणोपचार डे-केअर म्हणून मान्य आहे काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. कारण रुग्ण येथे रोज घरी जातो.

मुंबईला जावे लागलेच तर रेल्वेची सवलत विसरू नये. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते; महालक्ष्मी एक्सप्रेसने वारंवार जाणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०डीडीबी प्रमाणे, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना कर्करोगावरील खर्चासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १,००,००० रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि सर्व पावत्या एका फायलीत लावाव्यात.

उशिराचे व्याज

या साऱ्या रकमा एका बाजूला ठेवल्या तरी उशिराची किंमत त्यांच्याहून मोठी भरते. आजार पुढे गेला की किरणांबरोबर केमोथेरपी द्यावी लागते किंवा स्वरयंत्रच काढावे लागते. मानेवर श्वासासाठी कायमचे छिद्र येते आणि बोलण्यासाठी कृत्रिम झडप बसवावी लागते. परदेशी झडपेची किंमत हजारो रुपयांत असते आणि ती पुन्हा पुन्हा बदलावी लागते. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी सुमारे पन्नास रुपयांत 'औम' ही झडप तयार केली, ती गरीब रुग्णांची ही अडचण पाहूनच. झडपेने संवाद साधता येतो, पण पूर्वीचा आवाज परत येत नाही.

जैन परंपरेत आहार, शास्त्र आणि अभय यांच्याबरोबर औषधदानाला स्थान आहे, आणि समाजातील ट्रस्ट रुग्णालयांना यंत्रांसाठी उदारपणे देणग्या देतात. यंत्राच्या भिंतीवर नावाची पाटी लागते. रुग्णाच्या सोबत्याचे २८ दिवसांचे जेवण, खोलीचे भाडे किंवा रोजचा रिक्षाखर्च यांवर पाटी लागत नाही. पण शेवटच्या आठवड्यात पैसे संपल्याने उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाचा आवाज नेमका याच दानाने वाचतो. पर्युषणातील दानाचे संकल्प करताना ट्रस्टच्या विश्वस्तांनी हा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली धरावा. प्रत्येक घराने मात्र एवढे तरी पाळावे: आवाज तीन आठवडे बसला, की दुकानाचे कुलूप एक सकाळ उशिरा उघडावे आणि आधी डॉक्टरांकडे जावे.